चौघांतला एक

सिडनीच्या स्थानिक न्यायालयांत बचाव पक्षाची वकिली करणाऱ्याच्या टेबलावर अमली पदार्थ बाळगल्याच्या ज्या फाइली येतात, त्या बहुतेक इतक्या सारख्या असतात की वरचं नाव झाकलं तर एक दुसरीपासून वेगळी ओळखता येणार नाही. पहिल्या पानावर आरोप. त्यामागे पोलिसांनी लिहिलेली दीड-दोन पानांची हकीकत, तिला इथे फॅक्ट्स शीट म्हणतात. तिची भाषा ठरलेली असते. स्टेशनच्या जिन्यापाशी किंवा संगीत महोत्सवाच्या फाटकावर पोलीस श्वानपथकासह बंदोबस्तावर होते. कुत्र्यानं आरोपीकडे संकेत दिला. आरोपी घाबरलेला दिसला, नजर टाळत होता. झडती घेतली, पाकिटाच्या आतल्या कप्प्यात प्लास्टिकची पुडी मिळाली. विचारल्यावर ‘माझ्यासाठीच आहे’ असं तो म्हणाला. वजन अमुक दशांश ग्रॅम. संशय, झडती, सापडलेला माल, कबुली अशी ही साखळी कुठेही तुटत नाही. वर्षानुवर्षं अशी पानं वाचत राहिल्यावर एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते, आणि या लेखात तीच मांडायची आहे: ही हकीकत इतकी बिनचूक दिसते, कारण जिथे संशय चुकला तिथे हकीकत लिहून न्यायालयात पाठवण्याची वेळच येत नाही. न्यायाधीशासमोर येते ती पोलिसांच्या संशयाची फक्त यशस्वी बाजू. ऑस्ट्रेलियाच्या अमली पदार्थ धोरणातले बरेचसे घोळ, आणि गेल्या काही वर्षांतल्या चांगल्या हेतूच्या सुधारणांचं अपयशही, मला या एका गोष्टीशी जोडलेलं दिसतं.

हे केवळ वकिली तर्कट नाही. २००१ साली न्यू साउथ वेल्सच्या संसदेनं पोलिसांना सार्वजनिक ठिकाणी अमली पदार्थ हुंगणारे कुत्रे वापरता यावेत म्हणून वेगळा कायदा केला. पहिल्या दोन वर्षांच्या कामाची तपासणी राज्याच्या ऑम्बुड्समननं, म्हणजे आपल्याकडच्या लोकायुक्तासारख्या अधिकाऱ्यानं करावी, अशी तरतूद त्यातच होती. तो अहवाल २००६ मध्ये आला. तपासणीच्या काळात कुत्र्यांनी १०,२११ वेळा संकेत दिला होता. झडतीत काही सापडलं ते सुमारे २६ टक्के वेळा, म्हणजे चौघांत एकाकडे. सापडलं तेही बहुतांशी स्वतःपुरता गांजा. ज्या बड्या विक्रेत्यांना पकडण्यासाठी हे कुत्रे आणल्याचं सांगितलं गेलं होतं, त्यांच्या बाबतीत पुरवठ्याच्या आरोपावर यशस्वी ठरलेले खटले होते १९. पोलिसांचं उत्तर असं, की उरलेल्या तिघांपैकी अनेकांनी आधी कधीतरी गांजा ओढल्याचं किंवा ओढणाऱ्यांच्या सोबत असल्याचं कबूल केलं, म्हणजे कुत्र्याचं नाक चुकलं नव्हतं. नाक नसेल चुकलं. पण मित्राच्या जाकिटाचा वास अंगाला लागणं हा कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही, आणि गर्दीच्या फलाटावर खिसे उलटे करून उभं राहणं ही त्याची शिक्षा असू शकत नाही. हे तिघे घरी जातात. त्यांचा खटला होत नाही, त्यांना वकील मिळत नाही, आणि त्यांच्यावरचा संशय वाजवी होता का हे कुणी तपासत नाही.

कायदा इथे कच्चा आहे असं मात्र नाही. पोलिसांच्या अधिकारांविषयीच्या २००२ च्या कायद्यात वॉरंटशिवाय झडती घ्यायला ‘वाजवी कारणांवर आधारलेला संशय’ हवा, असं स्पष्ट लिहिलं आहे. हा संशय म्हणजे काय, हे २००१ च्या रोंडो खटल्यात अपील न्यायालयानं सांगितलं: खात्री नको, पण निव्वळ शक्यतेपेक्षा जास्त काहीतरी हवं, आणि त्याला वस्तुस्थितीचा आधार हवा. माणूस घाबरलेला दिसला एवढ्यानं भागत नाही. गणवेशातले चार पोलीस आणि एक कुत्रा समोर उभा ठाकल्यावर न घाबरणारा माणूसच खरं तर विरळा. झडती बेकायदा ठरली तर तिच्यातून मिळालेला पुरावा न्यायाधीश पुरावा कायद्याच्या कलम १३८ खाली बाजूला ठेवू शकतो. कागदावर ही सगळी चौकट पक्की आहे. पण ती चालते केव्हा? आरोपीनं गुन्हा नाकारला, सुनावणी झाली, पोलिसाची उलटतपासणी झाली, तरच. आणि इथे खरी अडचण सुरू होते. पहिल्यांदाच सापडलेल्या, अर्धा ग्रॅम बाळगलेल्या माणसापुढे दोन वाटा असतात. गुन्हा कबूल केला तर त्याच सकाळी काम संपतं. शिक्षा देण्याविषयीच्या कायद्याचं कलम १० लागू झालं, तर दोषी ठरूनही दोषसिद्धीची नोंद होत नाही. नाकारला तर काही महिन्यांनंतरची तारीख, कामाचे बुडालेले दिवस, वकिलाची फी आणि हरलो तर त्या कलमाची शक्यता कमी. अशिलाचं हित पाहणारा कोणताही वकील त्याला पहिली वाट दाखवेल, आणि त्यानं तीच दाखवायला हवी. पण अशा प्रत्येक योग्य सल्ल्यागणिक एक संशयास्पद झडती न तपासता वैध होऊन बसते. चौघांतले तिघे न्यायालयात येत नाहीत आणि जो एक येतो तो मान खाली घालून कबूल करतो. पोलिसाला आपण चुकलो हे सांगणारं मग उरतं कोण?

न तपासलेला अधिकार कसा फुगतो, हे विवस्त्र झडतीच्या आकड्यांत दिसतं. कायद्यानुसार पोलीस ठाण्याबाहेर अशी झडती घ्यायची तर परिस्थितीचं गांभीर्य आणि तातडी इतकी हवी, की त्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे हा अपवाद आहे. नोव्हेंबर २००६ अखेरच्या बारा महिन्यांत ठाण्याबाहेर अशा २७७ झडत्या झाल्या होत्या. जून २०१८ अखेरच्या बारा महिन्यांत ५,४८३. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या दोन कायदे-अभ्यासकांनी रेडफर्न लीगल सेंटरसाठी केलेल्या २०१९ च्या अहवालानं ही वीसपट वाढ लोकांपुढे आणली. वाढीच्या या काळात अपवादाची व्याख्या बदललेली नव्हती. अशा झडत्यांपैकी साधारण ३० टक्क्यांतच पुढे आरोप ठेवला गेला, आणि नोंदवलेलं कारण जवळजवळ नेहमी एकच: अमली पदार्थ जवळ असल्याचा संशय. ही झडती प्रत्यक्षात कशी होते ते एकदा नीट डोळ्यांसमोर आणावं. महोत्सवाच्या फाटकाबाहेर ताडपत्री किंवा पत्रे लावून केलेला आडोसा, आत अनोळखी पोलीस, बाहेर गाण्याचा दणदणाट. वरचे कपडे काढा, आता खालचे, आता वाका. वय अठराच्या आत असेल तर पालक किंवा सोबतचं मोठं माणूस हजर हवं, हा नियमही अनेकदा पाळला गेला नाही, असं पोलिसांवर देखरेख करणाऱ्या आयोगाच्या चौकशीतून बाहेर आलं. २०१८ च्या स्प्लेंडर इन द ग्रास महोत्सवात एका तरुणीची अशीच झडती झाली होती. तिच्याकडे काहीही सापडलं नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं ती बेकायदा ठरवून तिला ९३,००० डॉलरची भरपाई मंजूर केली. सात वर्षं लागली, मोठी फर्म लागली आणि हजारो लोकांच्या वतीनं सामूहिक दावा लागला. फौजदारी न्यायालयाच्या रोजच्या कामातून हा प्रश्न कधीच पुढे आला नसता, कारण तिच्यावर खटलाच नव्हता.

संशय खरा ठरला तरी पुढचा निर्णय वजनकाट्यावर होतो, आणि त्या काट्याची गोष्ट वकील नसलेल्यांना सहसा ठाऊक नसते. न्यू साउथ वेल्सचा अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. त्याच्या परिशिष्टात प्रत्येक पदार्थापुढे पाच वजनं छापलेली आहेत. दुसरी पायरी ओलांडली, की कलम २९ असं गृहीत धरतं की माल विकण्यासाठी किंवा वाटण्यासाठी होता; तसं नव्हतं हे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. हेरॉइन आणि कोकेनसाठी ही पायरी ३ ग्रॅम आहे. पार्ट्यांमधल्या एक्स्टसीच्या गोळीत जे असतं त्या एमडीएमएसाठी ती ०.७५ ग्रॅम आहे. चौपट कमी. का, याचं पटणारं कारण वैद्यकशास्त्रात सापडत नाही. त्यात शुद्धता मोजली जात नाही, मिश्रणाचं सगळं वजन धरतात; दुधात निम्मं पाणी असलं तरी लिटरभर दूधच नोंदायचं, तसं. म्हणजे तीन-चार गोळ्या जवळ असलेला कॉलेजचा विद्यार्थी एका क्षणात ‘पुरवठादार’ होतो. बाळगण्यासाठी जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा असते. पुरवठ्यासाठी पंधरा वर्षांपर्यंत. मित्रांच्या वर्गणीतून एकानं सगळ्यांसाठी आणून दिलं, पैसा एकही कमावला नाही, तरी कायद्याच्या लेखी तो पुरवठाच. आक्षेप असा घेतला जातो, की हे गृहीतक नसेल तर हुशार विक्रेता दरवेळी थोडा थोडा माल घेऊन फिरेल आणि निसटेल. पण क्वीन्सलंडमध्ये हे गृहीतक नाहीच. तिथे वजन हा पुराव्यातला एक मुद्दा आहे. सोबत काटा, रिकाम्या पुड्या, फोनवरचे निरोप, नोटांची चळत यांवरून पुरवठा सिद्ध करावा लागतो. क्वीन्सलंडच्या तुरुंगांत अमली पदार्थांचे व्यापारी नाहीत, असं कुणी म्हणत नाही.

न्यायालयांनी आपल्या परीनं बरंच सावरलं आहे, हे मान्य करायला हवं. मालकाला परत देण्यापुरती वस्तू क्षणभर हातात असेल तर तो पुरवठ्याचा हेतू नव्हे, हे १९९० च्या केरी खटल्यात ठरलं. अनेक जण राहतात त्या घरात बैठकीच्या खोलीत गांजा सापडला, तर तो इतर कुणाचा नव्हताच हे सरकार पक्षानं सिद्ध केलं पाहिजे, हे १९७८ च्या फिलिपेट्टी खटल्यातलं तत्त्व. एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण भाड्यानं राहणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना, आपल्या पुण्या-नागपूरकडच्या मुलांसकट, त्याचा फार उपयोग आहे. पण पोलिसानं दारात विचारल्यावर ‘हो, थोडंसं माझंही आहे’ असं घाईनं बोलून बसलं की ते तत्त्व पुष्कळदा हातचं जातं. मोठ्या पुरवठ्यात जवळपास हमखास तुरुंग हा जुना दंडक २०१७ मध्ये पारेंटे खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठानं मोडला आणि प्रत्येक माणसाची परिस्थिती पाहून शिक्षा ठरवायची मुभा दिली. माझ्या कामातलं ते एक मोठं वळण होतं. अशिलाच्या उपचारांची, नोकरीची, घरच्या जबाबदाऱ्यांची कागदपत्रं गोळा करण्याला त्यानंतर खरा अर्थ आला. मात्र हे सगळं कोर्टाच्या दाराच्या आतलं.

आता सुधारणांकडे येऊ, कारण माझा मुद्दा तिथे सगळ्यात स्पष्ट होतो. ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय धोरण १९८५ पासून ‘हानी कमी करणे’ असं आहे; मागणी कमी करा, पुरवठा कमी करा, आणि जे घेतातच त्यांचं नुकसान कमी करा. खर्चाची वाटणी मात्र वेगळं बोलते. २०२१-२२ मध्ये अमली पदार्थांवर देशभरातल्या सरकारांनी मिळून केलेल्या सुमारे ५.४५ अब्ज डॉलर खर्चातला ६४ टक्के कायद्याच्या अंमलबजावणीवर गेला आणि हानी कमी करण्यावर दोन टक्क्यांहूनही कमी. तरीही पोलिसांच्या पातळीवर समज देऊन सोडण्याच्या योजना आल्या. न्यू साउथ वेल्समध्ये २००० पासून थोड्या गांजासाठी अशी योजना आहे: गुन्हा कबूल करा, आधीची ठरावीक प्रकारची दोषसिद्धी नसली पाहिजे, आणि पोलिसाला योग्य वाटलं पाहिजे. या तिन्ही अटी ऐकायला वाजवी आहेत. २०१३ ते २०१७ या पाच वर्षांत पोलिसांनी थोड्या गांजासह पकडलेल्या ॲबोरिजिनल, म्हणजे मूळनिवासी, लोकांपैकी ८२ टक्क्यांहून जास्त लोकांना न्यायालयात नेलं; इतरांमध्ये हे प्रमाण ५२ टक्के होतं. राज्याच्याच गुन्हेगारी आकडेवारी विभागाची ही माहिती २०२० मध्ये वृत्तपत्रांतून पुढे आली.

यावरचं उत्तर मी न्यायालयाच्या आवारात पुष्कळदा ऐकलं आहे आणि ते उडवून लावण्याजोगं नाही. म्हणतात, हा वर्णभेद नाही. त्या लोकांची आधीची नोंद जास्त असते, ते कबूल करायला नकार देतात, म्हणून योजनेत बसत नाहीत. आकड्यांतला काही फरक या कारणांनी समजतो, हे खरंच आहे. पण आधीची नोंद आली कुठून? ज्या वस्तीत गस्त जास्त, तिथे झडत्या जास्त. जिथे झडत्या जास्त, तिथे नोंदी जास्त. आणि मग त्या नोंदींच्या जोरावर पुढची समज नाकारायची. जो माणूस पोलिसांपुढे काहीही कबूल करू नये हे अनुभवानं शिकला आहे, त्याला कबुलीच्या अटीवर सवलत देऊ करणं म्हणजे ती न देण्यासारखंच आहे. लोकसंख्येत चार टक्क्यांच्या आत असलेला हा समाज देशाच्या तुरुंगांत साधारण एक तृतीयांश आहे. या समाजातल्या लोकांच्या कोठडीतल्या मृत्यूंवरच्या शाही आयोगानं १९९१ मध्ये ३३९ शिफारशी केल्या, आणि तुरुंग हा शेवटचा उपाय असावा हा त्यांचा गाभा होता. फेब्रुवारी २०२४ अखेरीस न्यू साउथ वेल्सनं इतर पदार्थांसाठीही तशीच योजना आणली: थोडा माल असेल तर ४०० डॉलरचा दंड, आणि आरोग्य समुपदेशकाशी फोनवर सत्र पूर्ण केलं तर दंडही माफ, दोन वेळांपर्यंत. योजनेचा हेतू उत्तम आहे. पण देणं न देणं पुन्हा पोलिसाच्या मर्जीवर ठेवलं, आणि पकडल्या गेलेल्यांतले बहुसंख्य पुन्हा न्यायालयातच आले. ज्या हातानं संशय घ्यायचा त्याच हातानं सवलत द्यायची, आणि नाकारली तर कारण लिहायचं नाही, अशी रचना असल्यावर दुसरं काय होणार?

मर्जी विकलीही जाते, हे सिडनीला कुणी सांगायला नको. १९९५ ते १९९७ मध्ये न्यायमूर्ती वुड यांच्या शाही आयोगानं किंग्ज क्रॉस भागातल्या गुप्तहेर पोलिसांचा धंदा उघड केला. गाडीत लपवलेल्या कॅमेऱ्यानं पैशांची देवाणघेवाण टिपली होती. कुणाला पकडायचं आणि कुणाकडे काणाडोळा करायचा, हा अधिकार रस्त्यावर असतो तोवर त्याला भाव असतो. त्याच किंग्ज क्रॉसमध्ये मे २००१ पासून वैद्यकीय देखरेखीखाली इंजेक्शन घेण्याचं केंद्र चालू आहे. तिथे हजारो ओव्हरडोस हाताळले गेले आणि आतमध्ये एकही मृत्यू झालेला नाही. मला वकील म्हणून त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. केंद्राच्या आत स्वतःपुरता पदार्थ बाळगणाऱ्यावर गुन्हा लागू होत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. कुणा अधिकाऱ्याच्या भल्या मनावर ते अवलंबून नाही, म्हणून सरकारं बदलली तरी ते टिकलं. कॅनबेराच्या प्रदेशानं ऑक्टोबर २०२३ पासून तोच मार्ग मोठ्या प्रमाणावर घेतला. हेरॉइन, कोकेन, आइस (म्हणजे क्रिस्टल मेथॲम्फेटामाइन), एमडीएमए यांचं थोडं प्रमाण जवळ सापडलं, तर त्याबद्दलचा तुरुंगवास कायद्यातूनच काढला. उरतो तो १०० डॉलरचा दंड किंवा आरोग्यसेवेकडची चिठ्ठी. पोलिसाला निवड तिथेही आहे. पण तो कठोर निवड करील तेव्हाही तिची उंची आधीच ठरलेली आहे.

‘मग धाक कसला राहणार?’ हा प्रश्न यायलाच हवा. धाक कुणावर कसा चालतो, याचं उत्तर एका कोर्टानंच दिलं आहे. डिसेंबर २०१७ ते जानेवारी २०१९ या काळात न्यू साउथ वेल्सच्या संगीत महोत्सवांत सहा तरुण मुलं-मुली दगावली. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या उपराज्य कॉरोनर हॅरिएट ग्रेहॅम यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये निष्कर्ष दिले. फाटकावर पकडले जाऊ या भीतीनं काहींनी सगळा माल आत शिरण्याआधीच एकदम गिळल्याचं साक्षींतून दिसलं. कुत्र्याच्या धाकानं गोळ्या टाकून दिल्या नाहीत. खिशातून पोटात गेल्या. ग्रेहॅम यांनी महोत्सवांतून कुत्रे हटवण्याची, विवस्त्र झडत्यांवर बंधनं घालण्याची आणि गोळ्या तपासून देण्याच्या सेवेची शिफारस केली. आइसवरच्या विशेष चौकशी आयोगानं, आयुक्त डॅन हॉवर्ड यांनी, जानेवारी २०२० मध्ये १०९ शिफारशींचा अहवाल दिला, त्यातही हीच दिशा होती. सरकारनं नेमके हेच मुद्दे लगोलग नाकारले. गोळ्या तपासण्याचा प्रयोग राज्यात आला २०२५ मध्ये, आणि तो आला तेव्हाही फाटकावरचे कुत्रे होते तिथेच राहिले. म्हणजे आत आरोग्य खात्याचा तंबू सांगतो की तुमची गोळी दाखवा, घाबरू नका. आणि त्या तंबूपर्यंतची वाट पोलिसांच्या कुत्र्यावरून जाते. गेल्या वर्षभरात काहीतरी बेकायदा पदार्थ घेतल्याचं २०२२-२३ च्या राष्ट्रीय पाहणीत १७.९ टक्के लोकांनी सांगितलं. इतक्यांना जो धाक थांबवत नाही, तो नेमका कुणाला थांबवतो आणि कुणाला मारतो, हे तरी एकदा बघायला हवं.

दुसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. अधिकाऱ्याची निवड काढून नियम पक्का केला की न्याय वाढतोच असं नाही. रस्त्यावरच्या लाळेच्या चाचणीत उलट घडलं. तिथे गाडी चालवण्यावर परिणाम झाला होता का, हा प्रश्नच नाही. लाळेत गांजाचा अंश सापडला की गुन्हा. २०१६ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीनं गांजा घेणं देशभर कायदेशीर आहे; पण रात्री औषध म्हणून घेऊन दुसऱ्या दिवशी शुद्धीत गाडी चालवणारा रुग्ण टास्मानिया सोडून जवळजवळ सर्वत्र अडकतो. लिस्मोरचे मॅजिस्ट्रेट डेव्हिड हाइलपर्न यांनी २०१६ मध्ये नऊ दिवसांपूर्वी गांजा ओढलेल्या एकाला निर्दोष सोडलं तेव्हा केवढा गहजब झाला. हा नियम न्याय्य नाही, मान्य. पण त्यानं निवड कुणाकडून काढून घेतली ते पाहा. चाचणीची गाडी कोणत्या गावाच्या वेशीवर उभी करायची, कुणाला हात करायचा, हे पोलिसांकडेच राहिलं. बांधले गेले ते मॅजिस्ट्रेटचे हात. उघड्या न्यायालयात, कारणं देऊन, अपिलाच्या कक्षेत राहून वापरायचा अधिकार मला हवाच आहे. व्यसनी गुन्हेगारांना तुरुंगाऐवजी देखरेखीखाली उपचारांना पाठवणारं पॅरामाटाचं ड्रग कोर्ट १९९९ पासून तोच वापरतं. तिथून गेलेल्यांचं पुन्हा गुन्हा करण्याचं प्रमाण तशाच इतरांपेक्षा १७ टक्क्यांनी कमी असल्याचं २०२० च्या सरकारी अभ्यासात आढळलं. वाद अधिकार असावा की नसावा हा नाहीच. तो कुणाच्या डोळ्यांदेखत वापरला जातो, हा आहे.

अमेरिकेतल्या ओरेगनचं उदाहरण आता प्रत्येक चर्चेत फेकलं जातं. २०२० मध्ये त्यांनी मतदानानं बाळगण्याचा गुन्हा रद्द केला आणि २०२४ मध्ये परत आणला. ते अपयश होतं, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. पण तिथे दंडाच्या पावतीवर फोन नंबर दिला आणि फोन उचलल्यावर पुढे पाठवायला उपचारांच्या पुरेशा जागा नव्हत्या. त्यात फेंटॅनिल हा अतितीव्र अमली पदार्थ त्याच काळात येऊन धडकला. त्यातून घ्यायचा धडा उपचारांविषयीचा आहे. चौघांतल्या तिघांची झडती कुणी तपासत नाही, या दुखण्यावर ओरेगनमधून काहीच उत्तर मिळत नाही.

भारतीय वाचकाला इथे आपला एनडीपीएस कायदा आठवेल. तोही १९८५ चाच. जामिनाच्या बाबतीत तो ऑस्ट्रेलियातल्या कोणत्याही कायद्यापेक्षा कडक, आणि मिश्रणाचं सगळं वजन धरण्याचा नियम २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केला. पण त्याच्या कलम ५० मध्ये एक तरतूद आहे, ती न्यू साउथ वेल्समध्ये नाही. ज्याची अंगझडती घ्यायची त्याला राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर नेण्याची मागणी करता येते, आणि हा हक्क त्याला आधी सांगावा लागतो. १९९९ च्या बलदेव सिंग निकालानं त्याला धार दिली. पंच आणि पंचनामे यांचं प्रत्यक्षात काय होतं, हे मुंबईत सत्र न्यायालयाच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांना मी काय सांगणार? तरी झडती घेणाऱ्याखेरीज आणखी कुणीतरी त्या क्षणी हजर असावं, ही कल्पना मूलभूत आहे. सिडनीच्या पोलिसांवर निदान एवढं बंधन घालता येईल, की प्रत्येक झडतीनंतर, काही सापडो वा न सापडो, कारण लिहिलेली चिठ्ठी त्या माणसाच्या हातात द्यायची आणि तिची प्रत वर्षाकाठी देखरेख आयोगाकडे जायची. कागदी घोडे वाढतील, पोलिसांचा वेळ जाईल, असं लगेच म्हटलं जातं. पण आपलं नाव, ठाणं आणि झडतीचं कारण तोंडी सांगणं आजही कायद्यानं त्यांना बंधनकारक आहे, आणि झडतीची नोंद त्यांच्या संगणकात आजही होते. उरलेल्या तिघांची माहिती त्या यंत्रणेत पडून असते. फक्त ती त्यांना स्वतःला मिळत नाही आणि कोणत्याही न्यायाधीशासमोर जात नाही.